ठशातला उजवा हात

ठाण्यातल्या छापखान्यांना लाकडी ठसे कोरून देणारे त्र्यंबकराव जाहिरातींसाठी छत्र्या फार सुरेख कोरत. केशतेलाच्या जाहिरातीतली लांब केसांची बाईही त्यांचीच. तेल लावून टक्कल पडलेल्यांची जबाबदारी मात्र त्यांनी कधी घेतली नाही. देव त्यांनी कोरलेला नव्हता. एक्कावन्न साली पहिल्यांदा कोरला, तोही मित्राचा.

हा मित्र म्हणजे माजिवड्याचा इनास सुतार. वीस वर्षांचं जाणं-येणं. त्याची बायको आनामरी एकोणीस दिवस तापात होती, आणि डॉक्टर आता तिच्याऐवजी खिडकीकडे बघून बोलू लागले होते. इनास नवस बोललेला: रविवारी चर्चच्या दाराशी आशीर्वाद देणाऱ्या येशूची शंभर चित्रं वाटायची, म्हणजे ती उठेल. शिवणीच्या लाकडाचा ठोकळा त्याने स्वतः तासून आणला. हात कसा हवा हे दाखवायला स्वतःचा उजवा हात वर करून दोन दुपारी समोर बसला. पोलिसांनी धरल्यासारखं वाटतंय, म्हणाला. त्र्यंबकरावांनी दिसला तसा हात कोरला, घट्ट्यांसकट.

लाकडावरचं कागदावर उलटं उमटतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. अक्षरं ते उलटीच कोरत. पण छत्रीला डावं-उजवं नसतं, आणि मित्र समोर बसला की धंदा आठवत नाही.

शनिवारी दुपारी शंभर चित्रं अंगणातल्या दोरीवर वाळत होती. त्र्यंबकरावांची बायको आवडाबाई लुगडं काढायला आली ती तिथेच थबकली.

"अहो, हा डाव्या हाताने का देतोय?"

"त्यांच्यात चालत असेल."

"डावा हात कशासाठी असतो ते सगळ्यांच्यात सारखंच असतं," ती म्हणाली, आणि ओलं लुगडं तसंच काढून आत घेऊन गेली.

वारा आला. शंभर डावे हात एकदम हलले.

दुसरा ठसा कोरायला वेळ नव्हता. गप्प बसता आलं असतं. चर्चमधून निघालेले लोक बोटं मोजत नाहीत. पण आनामरीला काही झालंच, तर पुढची वीस वर्षं इनाससमोर बसायचं कुणी? त्र्यंबकरावांनी ठसा आणि गठ्ठा काखेत मारला आणि माजिवडा गाठलं.

इनास खिळ्यावरून भांडणारा माणूस. पण सगळं ऐकून त्याने ठसा मागून घेतला. ठसा बाहीने पुसला, उजेडात धरला.

"लाकडात उजवाच आहे की रे."

त्याने ठसा आत नेऊन आनामरीच्या पायथ्याशी उभा केला. शाई लाकडात मुरली होती. येशू नखशिखांत काळा, आणि तळहात तेवढा पांढरा.

तीन दिवस कुणालाही न ओळखणाऱ्या आनामरीने डोळे उघडले. त्या काळ्या आकृतीकडे बराच वेळ पाहिलं. मोठं माणूस दारात आल्यावर घेतात तसा डोक्यावर पदर घेतला. मग स्वच्छ आवाजात म्हणाली,

"येते."

इनासने त्र्यंबकरावांचं कोपर घट्ट धरलं. "ऐकलंस? उद्या चर्चला येते म्हणाली."

त्याच्या तोंडावर एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तजेला आला होता. त्र्यंबकराव म्हणाले, ऐकलं.

बाहेर ऊन उतरलं. त्यांची निघायची वेळ होऊन गेली. ते स्टुलावर बसूनच राहिले; कारण निघायचं तर उंबऱ्यात उभं राहून आपल्यालाही तोच शब्द म्हणावा लागणार, आणि तो काही केल्या तोंडातून निघेना.