चाळिसावा तास

"मिस रोंडानं शिकवलंय मला," टेसा म्हणाली आणि अख्खा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

मी शेवटच्या बाकावर, मांडीवर वही घेऊन. सकाळी याच पोरांना बसमधून शाळेत आणून सोडायचं, दुपारी तीनला परत न्यायचं, आणि उरलेल्या वेळात कम्युनिटी कॉलेजात गणिताची शिक्षिका व्हायला शिकायचं. सेहेचाळिसाव्या वर्षी! नवऱ्याच्या आजारपणात दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा धरलं. पुढे विद्यापीठात जागा हवी असेल तर चाळीस तास वर्ग पाहिल्याचा, शिक्षकाच्या सहीचा कागद आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. अट एकच, पाहणाऱ्यानं वर्गात तोंड उघडायचं नाही. शिक्षकानं तक्रार केली की सगळे तास बाद. आजचा माझा चाळिसावा.

आणि शिकवत कोण होतं, तर कोडी व्हेलन! दहा वर्षांपूर्वी माझ्याच बसच्या सीटला च्युइंगम चिकटवणारा. शाळेला गणिताला माणूस मिळेना, म्हणून बेसबॉलच्या या कोचला तात्पुरता परवाना देऊन फळ्यासमोर उभं केलं. मी रीतसर शिकत होते ना, म्हणून मी मागे बसायचं.

चाचणीचे पेपर त्यानं नुकतेच वाटले होते. उणे तीन क्ष बारापेक्षा मोठा, तर क्ष किती? कोडीचं उत्तर, उणे चारपेक्षा मोठा. टेसानं लहान लिहिलं होतं, कारण उणे संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं. कोडीनं त्यावर लाल फुली मारली होती, पण टेसाचं बरोबर होतं. मालगाडीसाठी फाटक पडलं की आमची बस पंधरा मिनिटं तिथंच. टेसा कायम माझ्या मागच्या सीटवर. तिथंच धुरकटलेल्या काचेवर बोटानं मी तिला हे समजावलं होतं.

"बसच्या ड्रायव्हरनं?" कोणीतरी फिसकन हसलं.

कोडीचे कान लाल झाले. "काय हो मिस रोंडा, हे तुम्ही शिकवलंत हिला?"

माझ्या मांडीवर तो कागद होता. एकोणचाळीस सह्या.

"मी इथं नुसती बघायला बसलेय, सर."

सर म्हणाले मी त्याला. ज्याला गाडी लागली की मी पिशवी धरायची, त्याला. टेसाकडे बघायची मला हिंमत झाली नाही. तिच्या पेपरावरची लाल फुली तशीच राहिली.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. कोडीनं सही केली, शेऱ्यात लिहिलं, 'उत्तम. कुठेही लुडबुड नाही.' मग हळूच म्हणाला, "खरं सांगा, पोरीचं बरोबर होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? मला कुठं येतंय यातलं काही! मी थोडीच तक्रार करणार होतो?"

मी कागद घडी करून खिशात घातला. लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. कोणाचा, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

तीनला बसचं दार उघडलं. टेसा चढली. रोज 'हाय, मिस रोंडा' म्हणते, आज म्हणाली नाही. माझ्या मागच्या सीटवर दप्तरही न टेकवता ती सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

फाटक पडलेलं होतं. मालगाडी बराच वेळ जात राहिली. आरशात दिसणारी मागची सीट रिकामी होती.