काटा शून्यावर येईना

काटा हलत नाही म्हणून मला मेलेला समजू नका. मी मीटर बोलतोय. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याने आतल्या वायरी तपासतात, ते पंजाएवढं काळं डबडं. माझ्या काचेला तडा गेलाय आणि लाल वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेली आहे. फार थकलोय. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला स्वस्थ पडवत नाही.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते जळगावातलं बन्सीलालचं दुकान आणि १९८७ सालच्या पोळ्यानंतरची ती दुपार. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग असलेला एक उंच तरुण दुकानात आला. त्याने मला दोन्ही हातांत धरून विचारलं, "हे खरं सांगते ना?"

"माणसापेक्षा खरं," बन्सीलाल म्हणाला. "फक्त पोटातले सेल चांगले ठेवा, भाऊ. सेल बसले की हाही खोटं बोलतो."

तो तरुण म्हणजे जळगावजवळच्या असोदा गावचा अभिमन. वडील नव्हते. आई सुंदरबाई आणि धाकटा भाऊ सुकदेव, एवढंच घर. दिवसा केळीच्या बागेत काम आणि उरलेल्या वेळात पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचं शिक्षण. मुंबईहून खाकी पाकिटात एक धडा यायचा. त्यातल्या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवली की तपासलेला कागद आणि पुढचा धडा परत यायचा. उत्तर नाही, तर धडा नाही. असे बारा धडे होते.

ओसरीवरच्या खिडकीशी एका फळीवर माझी जागा होती. काम सुरू करण्याआधी अभिमन माझ्या लाल आणि काळ्या वायरीची टोकं एकमेकांना भिडवायचा. माझा काटा डावीकडून उठून उजवीकडच्या शून्यावर येऊन थांबायचा. "आता हा शुद्धीवर आहे," तो म्हणायचा. "आता विचारा याले काय विचारायचं ते."

सुकदेवला तेवढा एक खेळ फार आवडायचा. चौथीत गुरुजींनी छडी मारली म्हणून हा पाटी तिथेच आपटून घरी आला, तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. रागही झटकन, मायाही झटकन. रेडिओ बंद पडला की त्याच्याकडे एकच इलाज होता, चापट.

"अरे, मारून बोलता आलं असतं," अभिमन हसायचा, "तं तू शाळेत पहिला आला असता."

त्या दिवाळीत अभिमनने माझ्या पोटात दोन नवे पेन्सिल सेल घातले. घालण्याआधी ते शर्टाच्या टोकाने पुसले. मग एका चिटोऱ्यावर काहीतरी लिहून ते सेलांवर ठेवलं आणि झाकण लावलं. चिटोरं माझ्या पाठीकडे होतं. मला ते वाचता आलं नाही.

पौषात त्याला कावीळ झाली. जळगावच्या दवाखान्यात आठ दिवस होता. नवव्या दिवशी त्याला पांढऱ्या चादरीत घरी आणलं, तेव्हा ओसरीवर इतकी माणसं जमली की मला खिडकीतलं ऊनसुद्धा दिसेना.

सगळे निघून गेल्यावर सुकदेव फळीपाशी आला. शेजारच्या उखर्डू नानांचा रेडिओ तिथे उघडा पडलेला होता, अभिमनने अर्ध्यात सोडलेला. सुकदेवने माझी दोन्ही टोकं भिडवली. काटा उठून शून्यावर आला. त्याने एक दोरा घेतला आणि ती टोकं एकमेकांना करकचून बांधून टाकली, काटा पुन्हा खाली पडू नये म्हणून.

मी ओरडलो असतो, पण मला आवाज कुठे आहे? टोकं भिडलेली राहिली की माझ्या पोटातले सेल झिजत जातात. आठ-दहा दिवस मी कसाबसा उभा राहिलो. मग काटा हळूहळू डावीकडे कलू लागला. सुकदेव रोज सकाळी येऊन बघायचा आणि निघून जायचा.

आणि मग पोस्टमन वनाने ओसरीशी सायकल टेकवली. "अभिमन... पाकीट," तो सवयीने बोलून गेला आणि जीभ चावून उभा राहिला.

सातवा धडा होता. सुंदरबाई म्हणाली, "वनाभाऊ, परत पाठव ते. त्यायले कळव."

सुकदेवने पाकीट वनाच्या हातातून हिसकावून घेतलं. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत त्याने तो धडा पाच दिवसांत वाचला. प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि खाली नाव घातलं, अभिमन. महिन्याने आठवा धडा आला. मग नववा. मुंबईचे मास्तर लाल शाईने लिहायचे, 'विद्यार्थी अभिमन, प्रयत्न चांगला. हस्ताक्षर अचानक बिघडले आहे. प्रकृती ठीक आहे ना?' सुकदेव ती एकच ओळ दहा वेळा वाचायचा.

शिकणं कसलं ते! माझा काटा शून्यावर येत नव्हता, तरी तो दोरा सोडून माझ्याचकडून नानांचा रेडिओ तपासायचा आणि काम झालं की टोकं पुन्हा बांधून टाकायचा. सेल बसलेले. मी काय सांगणार? चांगल्या तारेला टोकं लावली तरी काटा पडलेलाच. मग त्याने ती तार तोडायची. चांगला स्पीकर मी बंद दाखवला, तर त्याने तो उचकटून उकिरड्यावर भिरकावला. अभिमनच्या जुन्या पाकिटांतल्या तिसऱ्या धड्यात स्पष्ट लिहिलं होतं की काटा येत नसेल तर सेल बदला. त्याने ते वाचलंही होतं. पण माझं झाकण त्याने उघडलं नाही. आतले सेल भावाच्या हातचे होते. आणि मला आतून काहीतरी पाझरू लागलं होतं, आंबट, जळजळीत. ती जळजळ अजून आहे.

एकदा उखर्डू नाना आले. "काय रे सुकदेव, माझ्या रेडिओले दवाखान्यात भरती केलं का काय? सुट्टी कधी देतं त्याले?" बोलून गेले आणि सुकदेवचं तोंड पाहून सावरले. मग म्हणाले, "राहू दे. नसला बोलत तरी दे मले. तसाच ठेवीन."

"बोलता करूनच देईन," सुकदेव म्हणाला. "भाऊनं घेतलेलं काम आहे."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. या भागात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची नवी घागर भरतात. घरातला कर्ता उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतो आणि एकेकाचं नाव घेतो. यंदा अभिमनचं नाव घ्यायचं होतं आणि घेणारा एकटा सुकदेव होता.

"घागर आणली," सुंदरबाई म्हणाली.

"मी नाव नही घेणार."

"सुकदेव..."

"माय, ज्याच्या नावानं पत्र येते, त्याची घागर भरतात का?"

सुंदरबाई उंबरठ्यावर बसली. आवाज न चढवता म्हणाली, "पाठोणाऱ्याले ठाऊक नही म्हनून पत्र येते, बाबा. आपल्याले तं ठाऊक आहे. तू नाव नही घेतलं तं माझं पोरगं दाराबाहेर तहानलेलं उभं राहील. ते चालते का तुले?"

सुकदेव उठून बाहेर निघाला, तेवढ्यात वना समोर आला. त्याने नाव घेतलं नाही, नुसतं पाकीट पुढे केलं.

सुकदेवने फळीशी उभ्यानेच ते फाडलं. तपासलेल्या कागदावर त्याचं उत्तर होतं. प्रश्न, 'मीटरचा काटा शून्यावर येत नसेल तर काय कराल?' सुकदेवने लिहिलं होतं, 'थांबू.' त्याच्यावर लाल शाईची काट मारलेली होती. खाली मास्तरांनी लिहिलं होतं. सुकदेव मोठ्याने वाचू लागला, एकेक शब्द, अडखळत.

"थांबल्याने... काटा येत नाही. आतले सेल... काढा."

 मग त्याने माझ्या टोकांचा दोरा दातांनी तोडला, मला पालथं केलं आणि झाकण उघडलं. सेल फुगले होते. त्यांच्यातून पांढरा चीक पाझरून पत्र्याच्या पट्टीवर हिरवट पुटं चढली होती. सेलांना चिकटून एक चिटोरं होतं, कडा जळलेलं. अभिमनचं गोल अक्षर.

'दिवाळीला टाकले. आखाजीला बदलणे.'

"माय," सुकदेव म्हणाला. त्याने चिटोरं तिच्यापुढे धरलं. सुंदरबाईने ते चिटोरं हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने नुसता त्याच्यावरून अंगठा फिरवला.

त्याने माझ्या पट्ट्या घासल्या, लिंबाने पुसल्या, नवे सेल घातले. टोकं भिडवली. माझा काटा उठला आणि चार महिन्यांनी शून्यावर येऊन थांबला. मग सुंदरबाईने कोठीमागून एक वस्तू आणून फळीवर ठेवली. उकिरड्यावर भिरकावलेला तो स्पीकर. "तुझा राग उतरेल तवा लागेल म्हनून उचलला व्हता," ती म्हणाली.

तोडलेल्या तारा शोधायला दोन दिवस लागले. आखाजीच्या आदल्या दिवशी नानांचा रेडिओ खरखरला आणि कोणीतरी कापसाचे भाव सांगू लागलं. नाना रेडिओ काखेत मारून निघाले आणि अंगणात थांबून, आमच्याकडे पाठ करूनच, त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. सुकदेवने उंबरठ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि आजोबांचं नाव घेतलं. दुसरं बोट, वडिलांचं. तिसऱ्या वेळी बोट हवेत थांबलं.  मग ते बोट खाली आलं.

"अभिमन," तो म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने मुंबईला एक कार्ड टाकलं. 'अभिमन माझा भाऊ. पौषात गेला. हस्ताक्षर माझे आहे. पुढचे धडे मला पाठवावे.' अकराव्या धड्याच्या पाकिटावर सुकदेवचं नाव होतं. वनाने ते अंगणातून मोठ्याने पुकारलं.

या गोष्टीला आता दहा वर्षं होतील. सुकदेवचं गावातच दुकान आहे, रेडिओचं आणि टीव्हीचं. त्याच्या टेबलावर आकडे दाखवणारं नवं मीटर आहे. मी वरच्या फळीवर धूळ खातो. त्या जुन्या चिकाने माझी एक पट्टी खाल्ली होती. ती गेल्या साली तुटली, आणि माझा काटा उठायचा बंद झाला. कधीमधी सुकदेव मला खाली घेतो, काच पुसतो आणि परत ठेवतो. माझं पोट रिकामं आहे. सेल त्याने स्वतःच्या हाताने काढून ठेवलेत, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमच्याही घरात एखादा बंद रेडिओ, एखादी बॅटरी फळीवर पडली असेल. गेलेल्या माणसाने तिच्यात सेल घातले असतील आणि तुमचा हात धजत नसेल. मी आतून जळून पाहिलंय, म्हणून सांगतो. ती वस्तू ठेवा, पुसा, जवळ घ्या. पण तिच्यातले सेल तेवढे काढा.