जोरीने कोरलेला प्रत्यय

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. बोटभर लांब, एका कडेचा टवका उडालेली. माझ्या अंगावर कोरलेल्या चार इंग्रजी अक्षरांचा 'लेस' हा प्रत्यय होतो. लेस म्हणजे 'विना'. मित्रांनो, प्रत्ययाला शब्दाच्या पाठीशी उभं राहिल्याशिवाय काम मिळत नाही.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात जोरी हॉस्किंग नावाच्या कोळ्याने मला मोडक्या वल्ह्यातून कापलं. त्याची मुलगी मॉरवेना तिथल्याच शाळेत मिस ट्रेविन यांच्या वर्गात होती. मिसनी एक चौकट मागितली होती. तिच्या डावीकडे शब्द आणि उजवीकडे आम्ही प्रत्यय सरकवता यायला हवे होते.

चौकट भिंतीला ठोकताना जोरी म्हणाला, "मिस, मासा बघा. अंग केवढं, शेपटी केवढीशी, पण वळायचं कुठं ते शेपटीच ठरवते. तुमच्या शब्दांचं तसंच दिसतंय की!"

"हॉस्किंग, तुम्हीच शिकवा आता वर्गाला," मिस हसत म्हणाल्या.

"नको हो! आमची मॉरवेना चुका काढील."

जोरीचा आवाज जाडाभरडा होता आणि हसताना मध्येच फुटायचा.

ते दिवस सुखाचे होते. 'केअर'मागे 'फुल' आली की माणूस काळजी घेणारा व्हायचा, मी आले की तोच बेफिकीर. एकटी असताना 'फुल'ला शेवटी दोन 'एल' असत, शब्दाला जोडताना मात्र एक सोडावा लागे. 'टीच'ला 'अर' लागला की शिकवणारी उभी राही. 'हॅपी'मागे 'नेस' यायची तेव्हा 'आनंदी'चा 'आनंद' होई, पण 'हॅपी'चं शेवटचं 'वाय' जाऊन तिथे 'आय' येई. त्यासाठी जोरीने एक इवलीशी झडप बसवली होती. ती उघडझाप करायला पोरांची झुंबड उडे.

मग एका नोव्हेंबरात वादळ झालं. जोरीची होडी परत आली नाही.

मॉरवेना पुन्हा शाळेत यायच्या आदल्या संध्याकाळी मिस चौकटीपुढे उभ्या राहिल्या. डावीकडे 'फादर' ही पट्टी होती. मिसनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'फादर'मागे मी लागले की 'बिनबापाचं' होतं. त्यांनी मला उपसून बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि डबा कपाटात ठेवला. त्यांच्या मनात माया होती, हे मी शपथेवर सांगेन.

सकाळी कपाटातून मला वर्गातल्या डेन्झिलचा आवाज ऐकू आला. "मिस, 'लेस' कुठं गेली?"

"हरवली. चला, पुस्तकं उघडा."

मधल्या सुट्टीत मॉरवेना एकटीच मागे राहिली. "मिस, ती बाबांनी केली होती."

"आपण दुसरी करून घेऊ हं, राणी."

"दुसरी कोण करणार?"

मिस पाठ फिरवून फळा पुसू लागल्या. गावातही तेच चाललं होतं. मॉरवेना दुकानात शिरली की बायका एकदम हवापाण्याचं बोलू लागत. घरी आईने जोरीचे बूटसुद्धा उचलून टाकले. सगळ्यांना वाटे, पोरीला त्रास नको.

वसंतात मायलेकी प्लिमथला मावशीकडे राहायला निघाल्या. जाण्याआधी मॉरवेना शाळेत आली.

"मिस, ती पट्टी सापडली का? सापडली तर मला द्याल?"

कपाट दोन पावलांवर होतं. पण एकदा 'हरवली' म्हटल्यावर मिसना ते उघडणं जमलं नाही. "नाही गं, नाही सापडली," त्या म्हणाल्या. मला ओरडावंसं वाटलं. पण लाकडाला कुठला आवाज?

माझी उमेदीची वर्षं डब्यातच गेली. चौकट उतरली, फळा बदलला, मिसचे केस पिकले. निवृत्त होताना त्यांनी मला पर्समध्ये घातलं आणि प्लिमथची गाडी धरली.

मॉरवेनाने दार उघडलं. ती आता मोठी बाई झाली होती, कडेवर लेक होता. मिसनी मला तिच्या हातावर ठेवलं. "कपाटातच होती. मी खोटं बोलले होते."

मॉरवेना कितीतरी वेळ माझ्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"मिस, मला या शब्दाची भीती नव्हती हो. मी बिनबापाची झालेच होते. मला फक्त कुणीतरी बाबांचं बोलायला हवं होतं. कुणी बोललंच नाही. आता हा विचारतो, आजोबा कसे बोलायचे? आणि मला त्यांचा आवाजच आठवत नाही."

मिस रडल्या. मॉरवेनाने त्यांना चहा दिला, गाडीपर्यंत सोडलं. 'असू दे' मात्र ती म्हणाली नाही.

आता मी तिच्या खिडकीत असते. जोरीचा आवाज मला आजही लख्ख आठवतो. पण मला तो तिला ऐकवता येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. तुमच्या एखाद्या सोबत्याचं माणूस गेलं, तर त्याच्याजवळ बसा आणि त्या माणसाचं नाव घ्या. त्याच्याबद्दल बोला.