सहा दहाची गाडी

सिनेमाच्या लोकांनी त्यांचं नाव टाचणीबाई ठेवलं त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. कामाला बसल्या की ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी, आणि बोलल्याच तर दात न उघडता. वय बासष्ट. घर म्हणजे एक खोली. तिच्यात पलंग, शिलाई मशीन आणि खिडकीपाशी एक स्टूल. लग्न केलं नव्हतं. जुन्या काळातला सिनेमा निघाला की कपडेपटाचा प्रमुख सगळ्यात आधी त्यांना फोन करायचा. हातशिलाई आणि मशीनची टीप यांतला फरक पडद्यावर दिसतो, असं ठासून सांगणारं माणूस आता त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

या वेळचा सिनेमा शंभर वर्षांपूर्वीच्या काळातला होता. बड्या घरची मुलगी, नावाड्याचा मुलगा, दोघांचं प्रेम, घरच्यांचा विरोध आणि शेवटी बोटीच्या धक्क्यावर भेट. चित्रीकरणासाठी एक जुनं मोठं घर घेतलं होतं. प्रमुखानं फोनवर पत्ता सांगितला. ऐकू आलं नसेल असं वाटून पुन्हा सांगितला.

"माहितीये मला," बाई म्हणाल्या.

ते जजसाहेबांचं घर होतं, आणि बाईंचे वडील एके काळी त्या घराचे शिंपी होते.

वडील मापं घ्यायला जात तेव्हा वही धरायला लेकीला सोबत नेत. मागच्या दारानं आत जायचं, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत थांबायचं आणि हाक आली की पुढे व्हायचं. वडील आकडे सांगत, ती उतरवून घेई. जजसाहेबांना दोन मुलगे. थोरला नोकरीनिमित्त बाहेरगावी. धाकटा घरीच, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. सगळे त्याला धाकटे साहेब म्हणत. त्याचं माप घेताना वडील आकडा सांगत आणि तो मान वळवून वहीकडे बघे, जणू आपली छाती चौतीस इंच आहे यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. ती तेव्हा वीस वर्षांची होती.

त्या थंडीत धाकट्या साहेबांच्या राखाडी कोटाचं बटण अकरा वेळा तुटलं. प्रत्येक वेळी ते लावून घ्यायला ते स्वतः दुकानात आले. वडील एकदा हसत हसत म्हणाले होते की दोरा चांगला आहे, काज चांगलं आहे, मग बिघडलंय कोण ते शोधायला हवं. तिनं मान वर केली नव्हती.

पुढं ती दोघं भेटू लागली. शिवलेले कपडे पोचवायला ती निघाली की तो वाटेत गाठे आणि तिच्या हातातलं गाठोडं स्वतःकडे घेई. तो खूप बोलायचा. पुस्तकांबद्दल, परदेशाबद्दल, आईच्या नाना आजारांबद्दल. आईची नक्कल तर अशी करायचा की हसून हसून तिच्या पोटात दुखे. पण मोठा रस्ता आला, की त्या कोपऱ्यावर तो गाठोडं तिला परत देई आणि दहा पावलं पुढे चालू लागे. तिला ते कळत होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. माणूस एवढा आपल्यावर जीव टाकतोय आणि आपण दहा पावलं कुठं मोजत बसायची, असं ती स्वतःला समजावी.

थंडी सरता सरता त्यांनी ठरवलं. सकाळी सहा दहाची गाडी होती. लांबच्या शहरात त्याचा एक मित्र होता, तो दोघांची सोय करणार होता. फलाट क्रमांक दोनवर, घड्याळाखाली भेटायचं.

त्या दिवशी ती चारलाच उठली. दोन जोड कपडे फडक्यात बांधले. वडील नेहमीसारखे पाचला उठून कामाला बसले होते. ती दाराशी आली तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जरा सुई ओवून दे गं. सकाळच्या उजेडात मला दिसत नाही."

तिनं ओवून दिली. त्यांनी दुसरी पुढे केली. मग तिसरी. आज बरंच काम आहे, सगळ्याच ओवून ठेव, म्हणाले. तिनं सात सुया ओवल्या. वडिलांना सगळं माहीत होतं की खरंच दिसत नव्हतं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर विचारायचं धाडसही झालं नाही. मात्र वडिलांना दोष द्यावा असंही नव्हतं. सातवी सुई ओवून झाली तेव्हा सहाला दहा मिनिटं होती आणि धावत गेली असती तर पोचली असती. तिचा पाय उचलला नाही, एवढंच खरं.

आठ दिवसांनी वडीलच बोलता बोलता म्हणाले, की धाकटे साहेब शिकायला परदेशी गेले. तिनं ओळखलं. तो घड्याळाखाली थांबला असणार, गाडी गेली तरी थांबला असणार, आणि मग रागानं जो गेला तो गेला. एक शब्द त्याच्याकडून आला नाही, आणि येऊही नये असंच तिला वाटलं. तिची तेवढी लायकी नव्हती.

स्थळं आली. तिनं नाही म्हटलं. वडील गेले, दुकान गेलं, ती आधी नाटकांच्या आणि मग सिनेमांच्या कपड्यांकडे वळली. बेचाळीस वर्षं एक माणूस राखाडी कोटाची कॉलर वर करून तिच्यासाठी फलाटावर उभा होता. एकटीनं जेवताना, दिवा मालवताना, दुखण्यात कूस बदलताना तिला तो दिसे. अपराधी वाटे. पण आपल्यासाठी कुणीतरी असं उभं राहिलं होतं, याची एक ऊबही त्यात होती, आणि ती ऊब तिनं कुणाजवळ कधी उघड केली नाही.

कपडेपट वरच्या मजल्यावरच्या खोलीत थाटला होता. टाचणीबाई त्या घरात पुढच्या दारानं आल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा जिना चढल्या. भिंतींचे पोपडे निघाले होते, खोल्यांना कुलपं होती. घरची जुनी मोलकरीण चहा घेऊन आली, तिनं आपण होऊन माहिती पुरवली. थोरले साहेब वारले. धाकटे साहेब मागच्या दोन खोल्यांत राहतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलं लांब. मोलकरणीच्या तोंडी पासष्ट वर्षांचा माणूस अजून धाकटाच होता.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः वर आले. कपाटातून लोकरीचा गळपट्टा हवा होता, आणि कपाटापुढे पोशाखांचा रॅक लावलेला. बाई नायिकेच्या पांढऱ्या झग्याचा घेर वर घेत जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं. केस पूर्ण पांढरे, खांदे उतरलेले. छाती आता चौतीस भरली नसती. ओठांत टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर काय बोलल्या असत्या कोण जाणे.

धाकट्या साहेबांनी गळपट्टा काढला, दारापर्यंत गेले आणि थबकले. "आमच्याकडे एक शिंपी यायचे," ते म्हणाले. "ते अशाच टाचण्या धरायचे. डाव्या बाजूला."

बाईंनी एकेक टाचणी काढून सुयांच्या गादीत खोचली. "माझे वडील," त्या म्हणाल्या.

ते दारातून एक पाऊल परत आत आले. मग दिग्दर्शिकेची हाक आली, बाईंना झगा घेऊन खाली जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा आले. खालून माणसांचा गलका ऐकू येत होता. ते स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, तपासणीला आलेल्या रोग्यासारखे. आधी इकडचं तिकडचं झालं. वडील कधी गेले, दुकानाच्या जागी आता काय आहे, तुम्ही काम कुठं कुठं करता. दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत होती. मग ते म्हणाले की एक गोष्ट बोलायची राहून गेली आहे, आणि आता नाही बोललो तर ती तशीच घेऊन जाईन.

"मी त्या दिवशी आलो नाही," ते म्हणाले.

बाईंना आधी अर्थच लागला नाही.

"बॅग भरली होती. कोट घातला होता. खाली दारापर्यंत आलो. बाहेर गारठा होता, आणि माझ्या मनात आलं, तिकडे सकाळी चहा कोण आणून देईल? खरं सांगतो, हेच आलं मनात. आई नाही, अब्रू नाही, चहा. मी परत वर गेलो, याच खोलीत, आणि पांघरूण ओढून झोपलो. तू तिथं घड्याळाखाली उभी असशील हे माहीत असून झोपलो." त्यांनी दाराकडे पाहिलं. "बेचाळीस वर्षं तू मला तिथंच दिसतेस. गाठोडं घेऊन."

टाचणीबाई हातातल्या झग्याकडे बघत राहिल्या. गप्प राहता आलं असतं. "थांबले होते खरी," एवढं म्हणूनही भागलं असतं, आणि साहेबांच्या मनातली ती मुलगी जागची हलली नसती. पण समोरचा माणूस खरोखर वाकला होता, आणि त्यांना त्याची दया आली.

"मी पण आले नव्हते," त्या म्हणाल्या.

त्यांनी सुयांचं सांगितलं. सातही सुयांचं. ऐकता ऐकता धाकट्या साहेबांचा चेहरा सैल होत गेला. त्यांनी डोळे मिटले, मोठा सुस्कारा सोडला आणि मग त्यांना हसू आलं. सुरुवातीला बारीक, मग खांदे हलवून. म्हणजे ती गाडी आपल्या दोघांशिवायच गेली, म्हणाले. बायकोलासुद्धा कधी सांगू शकलो नव्हतो, म्हणाले. बाईही हसल्या, कारण गोष्ट खरंच हसण्यासारखी होती. ते उठले तेव्हा कठड्याचा आधार न घेता जिना उतरले, आणि खाली मोलकरणीला हाक मारून चहा टाकायला सांगताना त्यांचा आवाज ऐकून ती बिचारी दचकली.

बाईंनी झग्याचा घेर पुरा केला. टाके बारीक आणि सारखे पडत होते. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये त्यांना जाणवलं, की छातीत काहीतरी रिकामं झालंय. अपराध गेला होता, ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर तो राखाडी कोटातला माणूसही गेला होता. फलाट मोकळा होता. तिथं कधी कुणी आलंच नव्हतं.

चित्रीकरण संपलं तरी धाकट्या साहेबांनी रविवारी चहाला येत जा म्हणून गळ घातली. बाई गेल्या. पहिल्या रविवारी साहेबांनी जुने फोटो बाहेर काढले, आईची नक्कल करून दाखवली. ती आता जमली नाही, खोकला आला. दुसऱ्या रविवारी त्यांनी मुलांच्या नोकऱ्यांबद्दल सांगितलं आणि बाईंनी हातशिलाईबद्दल. मध्येच दोघंही खिडकीबाहेर बघत बसली. एवढी वर्षं ज्या गोष्टीनं त्यांना बांधून ठेवलं होतं ती सांगून झाली होती, आणि तिच्याखाली दुसरं काही निघालं नाही. ती दोन सभ्य, म्हातारी, अनोळखी माणसं होती. निघताना त्यांनी बाईंना कोट घालायला मदत केली, फाटकापर्यंत सोडलं. तिसऱ्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, की सर्दी झाली आहे, उगाच तुम्हाला लागायची. बाईंनी काळजी घ्या म्हटलं. फोन ठेवताना दोघांच्याही आवाजात सुटका होती, आणि ती दोघांनाही ऐकू आली.

सिनेमा लागला तेव्हा त्या दुपारच्या खेळाला एकट्याच गेल्या. शेवटी नायिका तो पांढरा झगा सावरत धक्क्यावर धावत येते, बोट सुटता सुटता नावाड्याचा मुलगा उडी मारतो, आणि दोघं भेटतात. आसपास लोक डोळे पुसत होते. शेजारच्या खुर्चीतली तरुण मुलगी तर हुंदके देत होती. बाईंनी पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात ठेवला. मुलीनं तो ओला करून परत द्यायला पुढे केला तेव्हा त्यांनी राहू दे म्हणून खूण केली. दिवे लागले, लोक जोडीजोडीनं बाहेर पडले. बाई रांग मोकळी होईपर्यंत बसून राहिल्या.

पुढच्या महिन्यात कपडेपटाच्या प्रमुखाचा फोन आला. परगावचं काम होतं, तीन महिन्यांचं, शंभरएक सैनिकांचे गणवेश. बाईंनी लगेच हो म्हटलं. मशीनला तेल घातलं, कात्र्यांना धार लावून घेतली, पलंगावर चादर अंथरून खोली बंद केली आणि किल्ली पाकिटात घालून शेजारणीकडे दिली.

शेजारीण नवी होती, चौकस होती. तिनं विचारलं, "कुणी भेटायला आलं तर काय सांगू हो?"

बाईंनी बॅग खाली ठेवली आणि खरोखर विचार केला. उत्तर सोपं होतं.

"कुणी यायचं नाही," त्या म्हणाल्या. मग तरीही शेजारणीकडून पेन घेऊन किल्लीच्या पाकिटावर त्यांनी आपला फोन नंबर लिहिला, आकडे सुटे सुटे, नीट वाचता येतील असे.