मावशीसाठी आतली गाडी

ती बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं तळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हाच मी ओळखलं, ही फिरायला आलेली नाही. अरहाय तळ्याकाठी आलेला माणूस आधी पाणी बघतो, फोटो काढतो, मग आमच्या बॅटरीवरच्या दुचाकी गाडीचं भाडं विचारतो. ही आमच्या दारातून आत, जिन्याकडे, वरच्या मजल्याकडे बघत होती.

सोळा तारखेला आमच्या मुलाचं, यीमिंगचं घर बघायला मुलीकडचे येणार होते. मुलगी चिंगवेइ, चूशिओंग शहरातली, शाळेत शिक्षिका. याआधी दोघीजणींकडचे लोक घर बघून गेले ते गेलेच. "हेही मोडलं तर पुन्हा लग्नाचं नाव काढू नकोस," असं पोरानं मला तोंडावर सांगितलं होतं. त्यातून रीतसर येण्याआधी मुलीकडचे एखादी मावशी नाहीतर आत्या गुपचूप पाठवतात, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. भाचीच्या वेळी मीच तिच्या होणाऱ्या सासरच्या गल्लीत मीठ विकत घेण्याच्या निमित्तानं चकरा मारल्या होत्या.

"गाडी कशी देता?" तिनं विचारलं. बोलण्यात चूशिओंगचा हेल. माझी खात्रीच पटली.

"दिवसाला साठ युआन, ताई. हेल्मेट त्यातच."

"एका बॅटरीत तळ्याची पूर्ण फेरी होते?"

होत नाही. निम्म्यात, पलीकडच्या काठावर, माझ्या चुलतभावाच्या दुकानात बॅटरी बदलून घ्यावी लागते, त्याचे पैसे वेगळे. मध्येच गाडी बंद पडली तर टेम्पो पाठवून आणायचे शंभर. हे सगळं गाडी बंद पडल्यावर सांगायची आमच्या काठावरची पद्धत. पण मावशीला कसं फसवणार? मी सगळं खरंखरं सांगून टाकलं. माझा नवरा तुंग आत पंक्चर काढत होता, तो हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागला.

"वर किती खोल्या आहेत?" बाईनं विचारलं.

"चार. दोन तर रिकाम्याच."

"घरात माणसं किती? आणि स्वयंपाक कोण करतं?"

आता आणखी काय पुरावा हवा? "माणसं तिघंच," मी म्हटलं, "आणि स्वयंपाक मीच करते. दुसऱ्या कुणाला चुलीपाशी उभं राहावं लागत नाही." मी तिला बसवलं, चहा दिला, गरम रुशान तळून दिलं. दुधाची ती कुरकुरीत घडी मी गिऱ्हाइकाला कधी देत नाही, ती आमच्या जेवणातली.

आमच्याकडे गाड्यांच्या दोन रांगा असतात. बाहेरच्या रांगेतल्या गाड्या दिसायला चकचकीत, पण बॅटऱ्या थकलेल्या. उभ्या गाडीवर चार्जिंगच्या चारही रेघा दाखवतात आणि पहिला चढ आला की तीन रेघा गायब. घासाघीस करणाऱ्याला ती रांग. आतल्या रांगेत नव्या बॅटऱ्या. मी आतली निळी गाडी काढली, आरसा पुसला, किल्ली तिच्या हातात ठेवली.

"अनामत किती?"

"राहू दे, ताई. माणसाची पारख असते आम्हाला."

तिचा हात थांबला. तिनं एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "अनामत का नको? गाडीत काही गडबड आहे?"

"छे, अगदी नवी आहे."

"मग नवी मला का देताय?"

तिनं मोबाइल काढला आणि गाडीचं चारी बाजूंनी चित्रण केलं. चाकं, ब्रेक, नंबरची पाटी, शेवटी माझा चेहरासुद्धा. मी आपली हसत उभी. हसून हसून गाल दुखायला लागले.

"पुढल्या दुकानात अनामत घेतात," ती म्हणाली. "घेतात म्हणजे निदान परत तरी देतील." किल्ली परत ठेवली, चहाचे म्हणून पाच युआन टेबलावर ठेवले आणि सरळ शेजारच्या दुकानात गेली. तिथे तिला कसली गाडी दिली असेल ते मला माहीत होतं.

"झालं समाधान?" तुंग म्हणाला. "सोन्यासारखं गिऱ्हाईक घालवलंस."

"गिऱ्हाईक नव्हतं ते. मावशी होती मुलीची."

तो खुर्चीतच बसला. "मग तर संपलंच. आता ती जाऊन सांगणार, बाई एकतर लबाड आहे, नाहीतर खुळी. अनामत घेत नाही, फुकट खाऊ घालते. अशा दुकानावर आपली पोरगी उपाशी मरेल."

लबाड म्हटलं असतं तर सोसलं असतं. पण मला धंदा कळत नाही असं चूशिओंगपर्यंत जाणार? पोराचं लग्न माझ्या चांगुलपणानं मोडणार?

भांडी घासत होते तेवढ्यात फोन वाजला. चिंगवेइची आई.

"नमस्कार, ताई. सोळा तारखेबद्दल जरा विचारायचं होतं," ती हळूच म्हणाली.

आलं, मी म्हटलं. हिला पुढं बोलू दिलं तर ही नकारच देणार.

"विहीणबाई, आधी माझं ऐका," मी म्हटलं. "सकाळी जे झालं त्यावरून आमची परीक्षा करू नका. मी काही अशी भोळी नाही. एरवी मी तीनशे अनामत घेते, आणि ओरखडा दिसला की त्यातून कापते. ओरखडा आधीचा असला तरी कापते. जो घासाघीस करील त्याला जुन्या बॅटरीची गाडी देते, ती चढावर बंद पडते, मग आणायचे शंभर घेते. एक पैसा सुटत नाही माझ्या हातून. तुमच्या मुलीला इथे काही कमी पडणार नाही. तुमच्या बहिणीला ओळखलं म्हणून तेवढं सोडलं, नाहीतर तिलाही सोडलं नसतं."

तुंग दारात उभा राहून दोन्ही हातांनी मला थांब थांब म्हणत होता. मी कशाला थांबते.

"कुठली बहीण?" चिंगवेइच्या आईनं विचारलं. "मी कुणालाच पाठवलं नाही. सोळाला आमच्यात एक माणूस जेवायला जास्त येईल, तेवढंच विचारायला फोन केला होता."

म्हणजे ती बाई नुसती राहायला-जेवायला खोली शोधत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं. आता हसून साजरं करावं म्हटलं, तर हसूही येईना.

"कुणाला पाठवलं नव्हतं," ती पुन्हा म्हणाली, तेवढ्याच हळू आवाजात. "आता वाटतंय, पाठवायला हवं होतं. असं करा, सोळाची वाट नको, मी उद्याच येते. मला तळ्याला फेरी मारायची आहे. एक गाडी ठेवा. कुणालाही देता, तशीच."