पालथा हात

इस्त्रीवाल्याचा हात कामावरून हलत नाही, असं गल्लीत कौतुकानं म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! खरं तर त्याचा उजवा हात जन्मापासून पालथाच होता. तळवा वर म्हणून वळलाच नाही. लहानपणी पोरं ‘पालथ्या, पालथ्या’ करून पिच्छा पुरवायची. मग गड्यानं कामच असं शोधलं, जिथं हात पालथाच लागतो. बाकी सगळं डाव्या हातानं. बारा वर्षांच्या संसारात बायकोला वाटायचं, नवरा डावखुरा आहे. भरल्या घरात माणूस असा एकटा राहिला. लपवण्यासारखं काय होतं त्यात? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आणि मग मनी. आठ वर्षांची त्याची लेक. शाळेत बाईंनी हात धुतलेत का बघायला तळवे दाखवायला सांगितले, तर ही उजव्याची पालथी बाजूच पुढे करून उभी. बाई म्हणाल्या, उद्धट आहे. बाप तिला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे उजेडासमोर धरला. “कोपराखालची दोन हाडं एकमेकांवरून फिरतात, तेव्हा हात उलटतो. हिची जन्मतःच जुळलेली आहेत. घाबरू नका, हात कामाचा आहे. कधी कधी हे घराण्यात असतं. तुमच्याकडे कुणाला...”

“नाही,” तो चटकन म्हणाला. अरे, निदान प्रश्न तरी पुरा होऊ द्यायचास!

घरी येताना मनीनं विचारलं, “म्हणजे मी एकटीच?”

“होईल सगळं ठीक,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून तिचा उजवा हात फ्रॉकच्या खिशात गेला तो गेलाच. मैत्रिणी टाळ्यांचा खेळ खेळायच्या, ही पायरीवर बसून बघायची. त्याला ते बघवत नव्हतं. त्यानं स्वतःचं अख्खं बालपण असंच खिशात काढलं होतं. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

एका संध्याकाळी मनी दुकानात टेबलाखाली अभ्यास करत होती. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गिऱ्हाईक आलं. “शर्टाची बटणं निघालीत, ही ठेवा. हात करा.” त्याच्या डाव्या हातावर घड्यांची चळत होती. नाइलाजानं त्यानं इस्त्री ठेवली, खांदा पाडला, कोपर अंगाशी दाबलं आणि बटणं चिमटीनं उचलली. एक सुटलं, ते मनीपाशी घरंगळत गेलं.

गिऱ्हाईक गेल्यावर ती बटण घेऊन टेबलाखालून बाहेर आली. खांदा तसाच पाडून चिमटीत धरायची ही युक्ती तिचीच होती. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

“बाबा, हात पसरा.”

“ठेव टेबलावर.”

“उजवा पसरा ना.”

त्यानं हात पुढे केला. पालथा. मनीनं तो नीट निरखला.

“मग डॉक्टरांना ‘नाही’ असं का म्हणालात?”

“लाज वाटली गं.”

“माझी?”

त्या दिवशी ‘नाही’ पटकन तोंडातून निसटलं होतं; आता ते म्हणायला तो तिच्यासमोर खाली बसला. पोरगी तोंडाकडे बघत उभी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाही गं बाळा. माझीच. तुझी कशाला वाटेल?”

तिनं मान हलवली, पण हात खिशातच राहिला. आता नुसत्या बोलण्यानं भागणार नव्हतं. त्यानं इस्त्री बंद केली, अजून अर्धं गाठोडं बाकी असताना.

“अगं, जरा बाहेर ये,” त्यानं आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

बायको ओले हात पुसत आली. “काय झालं, अहो?”

“माझा हा हात वळत नाही. कधीच वळला नाही. हिचा माझ्यावर गेलाय. उद्या डॉक्टरांनाही तसं सांगून येतो.”

बायको हातातला पंचा विसरून बघत राहिली. “बारा वर्षं?” ती म्हणाली.

त्यानं तो हात टेबलावर ठेवला. मनीनं खिशातून हात काढला आणि टेबलावर, त्याच्या हाताशेजारी, पालथाच ठेवला.