पाच दिवसांचे टोमॅटो

चिठ्ठीवरची तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मानणारा शिंपी शोधून सापडायचा नाही. हे शिंपीकाका मात्र तसे होते. चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक कपड्याला टाचणीने चिठ्ठी लावली आणि लिहिलेल्या दिवशी तो देऊन टाकला. बायकोचे कपडे तेवढे बिनचिठ्ठीचे, म्हणून कायम मागे पडलेले. "मलाही एक चिठ्ठी लावा हो कधीतरी," काकू म्हणायच्या.

काकू दवाखान्यात होत्या. पाच दिवसांनी घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले, तशी त्यांनी पडल्यापडल्या फर्मान सोडलं. "टोमॅटो आणून ठेवा. पिकलेले नकोत, मी येईपर्यंत त्यांचा चिखल होईल. खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या."

काकांनी जन्मात कधी भाजी आणली नव्हती. दुकानात तीन खोकी होती: 'आजच खा', 'तीन दिवसांत तयार', 'पाच दिवसांत तयार'. तारखा घालून भाजी विकतात हे पाहून त्यांना बरं वाटलं.

"नक्की पाचच ना?"

"काका, घरी कसे ठेवता त्यावर आहे," दुकानदारीण म्हणाली.

"अगदी जपून ठेवतो."

सहा हिरवे टोमॅटो त्यांनी 'पाच दिवसांत तयार' अशी चिठ्ठी लिहून तिच्यासकट फ्रिजमध्ये ठेवले. रोज सकाळी दार उघडून बघायचे. रंग काही बदलत नव्हता, पण चिठ्ठीवर त्यांचा विश्वास होता.

चौथ्या दिवशी दुपारी काकू गेल्या.

माणसं आली, गेली. मुलगी तेवढी राहिली. आठवड्याने तिने फ्रिज आवरायला काढला.

"बाबा, हे कच्चे टोमॅटो आत कोणी ठेवले?"

"मी. तिच्यासाठी. पाच दिवसांचे आहेत."

"अहो, गारठ्यात पिकत नाहीत ते. बाहेर ठेवायचे असतात."

काका खुर्चीत बसले. एवढी साधी गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती, आणि जिला ठाऊक होती तिला विचारायचं राहून गेलं, हे त्यांना फार लागलं.

"मग पाच दिवस कधीपासून धरायचे?"

"बाहेर काढू तेव्हापासून." मुलीने टोमॅटो ओट्यावर मांडायला घेतले.

काका उठले. एकेक करून सगळे उचलून त्यांनी परत आत ठेवले, वर चिठ्ठी ठेवली आणि दार लावलं.

"राहू देत आत," ते म्हणाले. "तिचे पाच दिवस अजून सुरूच झालेले नाहीत."